एका नळीच्या दोन होताना

संपादकांनी बेडकाच्या फुप्फुसांवर लेख मागितला. सुरुवात मात्र मी माणसाच्या बाळापासून करते, कारण ते बाळ डोक्यातून जात नाही. बोथला, माझ्या गावी, शेजारी यंदा नात झाली. पहिल्याच दुधाला ठसका, तोंडाला फेस, ओठ निळे. पोटात नळी घालायला गेले तर ती छातीतच अडली. अन्ननलिका मध्येच बंद आणि तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. शस्त्रक्रिया होऊन पोर वाचली. पण आजीने मला गाठून विचारले, "पोरी, ग्रहणात हिनं भाजी चिरली, त्याचंच ना हे?" सून खाली मान घालून बसलेली.

नाही. तीन-चार हजार जन्मांमागे एखाद्या बाळात आढळणारा हा दोष आहे. त्याची सुरुवात चौथ्या आठवड्याच्या आसपास होते, पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असताना. विळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

त्या वेळी गर्भात घशाखाली एकच नळी असते. तिच्या पोटाकडच्या पेशींत एनकेएक्स२-१ हे जनुक जागे होते, पाठीकडच्या पेशींत सॉक्स२ टिकते. पोटाकडच्या पेशींना हा हुकूम भोवतालच्या ऊतीतून येणारे विंट संकेत देतात. बेडूक, उंदीर, माणूस, तिघांत इथवर एकच रीत. मग फुप्फुसांचे कोंब फुटतात आणि वाटा वेगळ्या होतात. आपली श्वासनलिका लांब वाढते, एफजीएफ१० या प्रथिनाच्या इशाऱ्यावर फांद्या फुटत जातात, सुमारे तेवीस पिढ्या. बेडकाची श्वासनलिका अगदी आखूड, फुप्फुसे म्हणजे आतून पडदे असलेल्या दोन पिशव्या. त्याला श्वासपटल नाही. तोंडाचा तळ उचलून तो हवा आत ढकलतो. आणि बेडूकमाशाच्या कल्ल्यांची फुप्फुसे होतात, हे शाळेपासून डोक्यात बसलेले कृपा करून काढून टाका. कल्ले कामावर असतानाच फुप्फुसे अन्नमार्गातून स्वतंत्र फुटतात. झेनोपस या आफ्रिकी बेडकात तीनेक दिवसांतच.

खरा वाद पुढचा: एका नळीच्या दोन होतात कशा? कोणी म्हणे, खालून वर भिंत चढते. कोणी म्हणे, भिंतबिंत काही नाही, श्वासनलिका नुसती खाली लांबते. शंभरावर वर्षे स्थिर छेद पाहून भांडण चालले. थांबलेल्या चित्रात हालचाल कशी दिसणार? सिनसिनाटीच्या एका प्रयोगशाळेने 2019 मध्ये झेनोपस आणि उंदीर शेजारी ठेवून दाखवले, की दोन्ही बाजूंच्या भिंती आत झुकतात, मधोमध एकमेकींना चिकटतात, क्षणभर पडदा तयार होतो, मग तो विरतो आणि भोवतालची ऊती मध्ये शिरते. चिकटणाऱ्या पेशींच्या आत बारीक पुटिकांची ने-आण चालते. ती बिघडली की नळ्या जोडलेल्याच राहतात. बेडकात आणि उंदरात, दोन्हीकडे!

"बेडकावरून माणसाचे काय कळणार?" असे विचारणाऱ्यांचा मला राग येतो. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर आणि त्यांचे विद्यार्थी कोंबडीच्या आणि मायक्रोहायला या इवल्या देशी बेडकाच्या भ्रूणांवर काम करत, तेव्हाही हा प्रश्न विचारला जाईच. आज रुग्ण बाळांत सापडलेले जनुकातले बदल बेडकाच्या भ्रूणात तपासले जातात, त्यांतले काही पुटिकांच्याच यंत्रणेतले निघाले. बहुतेक बाळांत मात्र कारण अजून हाती लागत नाही. आजीला मी चौथा आठवडा समजावला. सुनेने मान वर करून विचारले, "पुढच्या खेपेला?" धोका थोडा असतो, एवढेच मला खात्रीने सांगता आले.