रेसचे पुस्तक आणि वाण्याची वही

१/
आजचा धागा महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतींविषयी आहे. राजेरजवाडे, त्यांचे घोडे आणि त्यांचे चषक यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते कठड्याला टेकून उभ्या राहणाऱ्या, पाच-दहा रुपयांचे तिकीट काढणाऱ्या माणसांविषयी. माझे आजोबा त्यांतले एक होते. आणि त्याच काळात घरी बसून हिशेब लिहिणारी माझी आजीही या इतिहासात आहे.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत बॉम्बे टर्फ क्लब १८०२ मध्ये स्थापन झाला. आरंभीच्या शर्यती भायखळ्याला होत. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध झाल्यावर वरळी-महालक्ष्मीकडची सखल जमीन भरतीच्या पाण्यापासून सुटली होती. त्याच पट्ट्यात १८८३ मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स उभे राहिले. १९३५ मध्ये क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ हे बिरुद लागले.

३/
मुंबईचा मोसम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आणि पुण्याचा पावसाळ्यात, ही वाटणी जुनी आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी केवळ आठवडाअखेरीस धावे, आणि पुण्याच्या शर्यतींना जाणारे मुंबईचे धनिक हे तिचे महत्त्वाचे प्रवासी होते. आज ज्या गाडीत आपण उपमा-कटलेट खात बसतो, तिच्या जन्माला घोड्यांच्या टापांचा असा संबंध आहे.

४/
इतिहासात ठळकपणे नोंदले गेले ते मालक. राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या ‘विंडसर लॅड’ने १९३४ मध्ये इंग्लंडातील एप्सम डर्बी जिंकली. १९४३ मध्ये मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली, तेव्हा बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी विजयी ठरली. चांदीचे चषक, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार मागे राहिले. त्यामुळे इतिहास लिहिणे सोपे झाले.

५/
परंतु चषक जिंकणारे थोडे आणि तिकीट काढणारे हजारो. टोटची रीत समजून घेतली की त्या हजारोंचे महत्त्व कळते. एका शर्यतीवर लोकांनी लावलेले सारे पैसे एकत्र जमा होतात. त्यांतून सरकारचा कर आणि क्लबचा वाटा वजा होतो. उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावलेल्यांत वाटली जाते. म्हणजे जिंकणाऱ्याला पैसे मिळतात ते हरणाऱ्यांकडून.

६/
ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी रूढ केली. हजारो तिकिटांची बेरीज झटपट करणारे यंत्र ऑस्ट्रेलियातील अभियंता जॉर्ज ज्युलियस यांनी बनवले. ते मुळात मते मोजण्यासाठी योजले होते. सरकारने नाकारल्यावर ते घोड्यांकडे वळले, आणि १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातील एलर्सली रेसकोर्सवर पहिल्यांदा चालले. मतपत्रिकेसाठी घडलेले यंत्र तिकीटखिडकीवर रुजले.

७/
आता आजोबांकडे येते. ते सातारा जिल्ह्यातून १९६० च्या सुमारास मुंबईला आले आणि गिरणीत साचेवाले झाले. बिऱ्हाड डिलाईल रोडच्या चाळीत. तेथून महालक्ष्मी चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी दुपारी पांढरा सदरा घालून, खिशात पेन्सिलीचा तुकडा ठेवून ते निघत. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी शाळेत. इंग्रजी अक्षरे मात्र ते शिकले, आणि ती शिकली रेसच्या पुस्तकातून.

८/
ज्यांनी ते पुस्तक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक घोड्याचे वय, आई-बाप, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचे वजन आणि मागच्या शर्यतींतील कामगिरी बारीक टाइपात छापलेली असते. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला अधिक वजन देतात, जेणेकरून दुबळ्यालाही संधी राहावी. म्हणून ‘कोणता घोडा चांगला’ एवढे विचारून भागत नाही. ‘एवढ्या वजनाखाली, एवढ्या अंतरावर, आज कोणता चांगला’ हा खरा प्रश्न.

९/
आजोबांच्या ट्रंकेत १९६८ ते १९८१ या काळातील अशी चाळीसएक पुस्तके निघाली. समासात त्यांच्या हातच्या मराठी नोंदी आहेत. ‘वळणावर बाहेर जातो.’ ‘चिखलात बरा.’ ‘पॅडॉकमध्ये घाम फार.’ ‘शेवटच्या दोनशे मीटरला दम नाही.’ एकाच घोड्याविषयीचे मत तीन वर्षांत कसे बदलत गेले हेही दिसते. निरीक्षण, नोंद, पडताळा, दुरुस्ती. संशोधनपद्धतीच्या तासाला आम्हांला जे शिकवतात, ते एक साचेवाला रविवारी दुपारी करीत होता.

१०/
माझ्या बालपणी ते रेसला जात नसत, पण वर्तमानपत्रातील रेसचे पान माझ्याकडून वाचून घेत. मी नावावरून घोडा निवडत असे आणि ते वजनावरून. घोड्यांची नावे मला परीकथेतील वाटत. ‘स्क्वांडरर’चे नाव मी कितीदा ऐकले असेन! १९७७ च्या इंडियन डर्बीचा विजेता, १९ पैकी १८ शर्यती जिंकणारा. त्या दिवशी कठड्याजवळ ‘आला, आला’ असा जो गलका झाला, तो सांगताना आजोबा आपोआप उभे राहत.

११/
ते सांगत, घोडे दिसण्याआधी जमीन सांगते. पायांखाली थरथर येते, मग टापा, मग चाबकाचा आवाज, आणि क्षणात सारे पुढे निघून जाते. ओळीत उभ्या माणसांत गिरणीवाले, टॅक्सीवाले, पारशी कारकून, गोदीतले हमाल असत. कोणी कोणाची जात विचारत नसे, ‘काय लावलंत?’ एवढेच विचारत. आजोबांच्या बोलण्यातील हा भाग मला आजही फार प्रिय आहे.

१२/
त्यांच्या गोष्टींत मालक क्वचितच येत. येत ते जॉकी. पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावे ते नात्यातल्या माणसांसारखी घेत. त्याहून अधिक माया होती ती मोतद्दारांवर. पहाटे तबेल्यात घोड्याला खरारा करणारा, त्याच्या पायांना पट्ट्या बांधणारा, शर्यतीआधी लगाम धरून पॅडॉकमध्ये फिरवणारा हा माणूस विजयाच्या छायाचित्रात हमखास असतो. त्याचे नाव मात्र छायाचित्राखाली बहुधा नसते.

१३/
इथवरचा धागा गोड आहे. पण त्याच ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, आजीची वाण्याची वही होती. तूरडाळ, गोडेतेल, साखर, रॉकेल, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘बाकी’. आजी निरक्षर नव्हती, पण लिहिणे कमी. वहीत एकही तक्रार नाही. फक्त तारखा आणि आकडे आहेत.

१४/
मी दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. नोव्हेंबर उजाडला की वहीतील बाकी वाढू लागते. रेसच्या रविवारनंतरच्या सोमवारी साखर अर्धी होते. एका फेब्रुवारीत ‘पाटल्या – सोनार’ एवढीच ओळ आहे. रेसच्या पुस्तकात त्याच आठवड्यात एका घोड्याच्या नावाभोवती दोनदा वर्तुळ काढले आहे आणि समासात लिहिले आहे, ‘नाकाने गेला’. म्हणजे अगदी थोडक्यात हरला. वहीत त्या पाटल्या परत आल्याची नोंद पुढे कोठेही नाही.

१५/
याहून विलक्षण गोष्ट पावसाळ्यातील आहे. पुण्याचा मोसम चाले तेव्हा आजोबा पैसे न लावता केवळ कागदावर घोडे निवडत. त्या नोंदींत ते कितीतरी अधिक सावध दिसतात. मनाजोगी शर्यत नसेल तर चक्क ‘सोडली’ असे लिहितात. मुंबईच्या मोसमात ‘सोडली’ हा शब्द जवळजवळ सापडत नाही. ज्ञान तेच होते. महालक्ष्मीच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर ते पाळणे कठीण जात होते.

१६/
सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यती हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. आजोबांच्या समासातील नोंदी वाचल्यावर मला हे पटते. पण कौशल्य असणे आणि पैसे उरणे या भिन्न गोष्टी आहेत. समजा, प्रत्येक वेळी जमा रकमेतील वीस टक्के वजा होतात. शंभर रुपयांपैकी जे परत आले तेच पुन्हा लावत गेलो, तर सरासरीने दहा शर्यतींअखेर अकरा रुपयेही हाती राहत नाहीत. एखादा सातत्याने जिंकायचा, तर त्याला बाकीच्यांपेक्षा थोडे नव्हे, पुष्कळ अधिक कळावे लागते.

१७/
श्रमिकांचे असे शर्यतवेड मुंबईपुरते नव्हते. इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोख पैजा घेण्यास बंदी होती आणि घोड्यांच्या शर्यती बहुधा कामाच्या वेळी, शहराबाहेर होत. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड कुत्रे धावले आणि सारे पालटले. शर्यत संध्याकाळी, घराजवळ, स्वस्त तिकिटात, आणि मैदानावर पैज कायदेशीर. कारखान्यातून सुटलेला कामगार थेट तिकडे वळू लागला.

१८/
लंडनचे व्हाइट सिटी मैदान १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले. १९२७ पासून ते कुत्र्यांच्या शर्यतींचे माहेरघर झाले. तेथे १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे डर्बी जिंकणारा ‘मिक द मिलर’ घराघरांत ठाऊक होता. १९३९ मध्ये तो मेल्यावर त्याचा देह पेंढा भरून जतन केला गेला, आणि तो आजही ट्रिंगच्या संग्रहालयात आहे. व्हाइट सिटी १९८४ मध्ये बंद पडले, वॉल्थमस्टो २००८ मध्ये, विम्बल्डन २०१७ मध्ये. कुत्रा काचेआड राहिला. त्याच्यासाठी ओरडून घसा बसवून घेणारे कामगार कोठल्याच काचेआड नाहीत.

१९/
मुंबईतही तसेच घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुष्कळांच्या हातांना ते काम पुन्हा मिळाले नाही. आजोबांचे शेवटचे रेसचे पुस्तक डिसेंबर १९८१ चे आहे. आजीची वही मात्र पुढे चालू राहते. तेल पावशेरावर येते, रॉकेल तेवढेच राहते. रेस सुटली म्हणून घरात पैसा आला, असा सुखान्त या वहीत नाही.

२०/
सध्याचे चित्र असे. सिंगापूरमधील शेवटची शर्यत ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. मकावमध्ये कुत्र्यांचे मैदान २०१८ मध्ये बंद झाले आणि घोड्यांच्या शर्यती २०२४ मध्ये थांबल्या. महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान आणि ९१ एकर क्लबकडे, अशी विभागणी २०२४ मध्ये ठरली. शर्यती तेथे अजून होतात. पण आजोबांनी पाहिलेली गर्दी आता नाही. बहुतेक पैज पडद्यावर गेली आहे.

२१/
‘जुने दिवस किती छान होते’ असे म्हणणारे लेखन आपण सारेच आवडीने वाचतो. मलाही आजोबांचे महालक्ष्मी हवेहवेसे वाटते. पण स्मरणरंजनाची अडचण ही की, ते बहुधा बाहेर गेलेल्या माणसाचे असते. घरी राहिलेल्या माणसाकडे त्या दुपारीची वेगळी नोंद असते. केवळ रेसचे पुस्तक वाचले असते, तर मला एक हुशार, हौशी, रसिक गिरणी कामगार भेटला असता. केवळ वही वाचली असती, तर एक जुगारी नवरा. दोन्ही वाचल्यावर माझे आजोबा भेटले.

२२/
आजी आज हयात आहे. मी तिला विचारले, ‘तू कधी गेली होतीस का गं रेसला?’ ती म्हणाली, ‘एकदा. तुझ्या आजोबांनी हट्टानं नेलं. घोडे फार देखणे होते. मला त्यांच्यावर राग धरता आला नाही.’ पाटल्यांविषयी विचारले, तेव्हा तिने विषय बदलला. मौखिक इतिहासात गप्प राहणेही टिपून ठेवायचे असते. मी तारखेसह टिपून ठेवले आहे.

२३/
शेवटी एक विनंती. गिरणगावातील पुष्कळ घरांत अशा ट्रंका असतील आणि पुनर्विकासात घर रिकामे करताना पहिला कागद जातो रद्दीत. रेसची पुस्तके, तिकिटांचे तुकडे सापडले तर जरूर जपा. पण त्याच ट्रंकेत वाण्याची वही, सोनाराची पावती, रेशनकार्ड आहे का, हेही पाहा. दोन्हींची छायाचित्रे काढा आणि तारखा लिहून ठेवा. ज्यांच्या पैशांवर महालक्ष्मी चालले, त्यांच्या घरचा इतिहास या कागदांतून लिहावा लागेल.