फक्त, च आणि ओन्ली

आमच्या शहरातला माणूस इंग्रजी बोलायला लागला की 'ओन्ली' हा शब्द हमखास वाक्याच्या शेवटी येऊन बसतो. 'आय ॲम फ्रॉम औरंगाबाद ओन्ली.' 'ही विल कम टुडे ओन्ली.' रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे असंच बोलतात, आणि एकमेकांना ते नीट कळतंही.

बाहेरच्याला मात्र कळत नाही. यंदा आमच्या पुतणीला नोकरीच्या मुलाखतीत याच शब्दावरून टोकलं गेलं. "औरंगाबाद ओन्ली म्हणजे काय?" असं विचारून समोरच्या बाई हसल्या. नोकरी मिळाली नाही, त्याला आणखीही कारणं असतील. पण तेव्हापासून पोरगी घरात दादीशी बोलतानाही 'इच' म्हणेनाशी झाली. 'आज इच जाती' म्हणणारी मुलगी 'आज ही जाऊंगी' म्हणू लागली. "इसकू क्या हुआ रे, पराया सरिका बोल रई," असं दादी म्हणाली, ते आम्हा सगळ्यांना लागलं.

म्हणून आम्ही हा शब्द जरा उलगडून पाहायचं ठरवलं.

मराठीत 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याचा अर्थ बांधून टाकतो. अब्बांनीच मला पैसे दिले, म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. अब्बांनी मलाच पैसे दिले, म्हणजे भावाला नाही. अब्बांनी मला पैसेच दिले, म्हणजे वेळ किंवा माया दिली नाही! इंग्रजी माणूस बोलताना 'ओन्ली' बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी ठेवतो आणि कोणत्या शब्दावर जोर द्यायचा ते आवाजाने दाखवतो. आपण तो शब्दाच्या मागे ठेवतो, कारण आपला 'च' मागे येतो.

पण खरी अडचण जागेची नाही. 'च' दोन कामं करतो. एक, बाकीच्यांना वगळणं. दुसरं, नुसता जोर देणं. 'तो आजच येईल' याचा अर्थ 'उद्या येणार नाही' असा नसतो, 'आज नक्की येईल' असा असतो. इंग्रजी 'ओन्ली' यातलं पहिलंच काम करतो. दुसऱ्या कामाला त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत: 'दिस व्हेरी डे', 'राइट हिअर'. मुलांना एवढं समजावून सांगितलं तरी पुरे. त्यासाठी कोणी हसायची गरज नाही.

आणि 'इच'ची लाज का वाटावी? १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा दिल्लीची बोली घेऊन माणसं इकडे आली. राजधानी परत गेली, पण बरीच माणसं राहिली. शेजारी मराठी होते, बाजार मराठी होता. त्यांच्या बोलीत मराठीचा 'नको' शिरला आणि 'नक्को' झाला, 'च' शिरला आणि 'इच' झाला. उत्तरेकडचे पाहुणे आपल्या दखनीला हसतात, तेव्हा खरं तर आपण मराठी शेजाराचं जे जपून ठेवलंय त्याला हसतात. उर्दू शायरीचा पाया घालणाऱ्यांत वली आणि सिराज यांची नावं घेतात, आणि दोघांच्या नावापुढे औरंगाबादी लागतं. पुढे मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं दफ्तरही बरीच वर्षं इथंच होतं. त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये निघाला. ज्या शहरात इंग्रजी शब्दांना उर्दू अर्थ शोधले गेले, तिथल्या मुलीने एका 'ओन्ली'पायी मान खाली घालावी, हे आम्हाला पटत नाही.

अरबीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे शब्द नुसता पुढे आणूनही 'फक्त'चा अर्थ निघतो. सूरह फातिहा आपण रोज नमाजमध्ये पढतो. तिच्या पाचव्या आयतीत 'तुला' हा शब्द क्रियापदाच्या आधी आलाय, म्हणून मराठीत त्याचा अर्थ सांगताना 'तुझीच' म्हणावं लागतं. तो 'च' गाळला तर अर्थ लंगडा होतो.

खुद्द 'फक्त' हा शब्दही अरबीच, 'फकत'. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इतका मुरला की कोणाला परका वाटत नाही. 'मात्र'ची गंमत वेगळी: 'नाममात्र'मध्ये तो 'केवळ', तर 'मी मात्र गेलो नाही' यात 'पण'च्या जवळ जातो. इंग्रजी 'ओन्ली'ही असाच कधी कधी 'पण' होतो.

या 'फक्त'वरून आमच्या घरातल्या एका निकाहात थोडा पेच झाला होता. काझीसाहेबांनी मेहरची रक्कम वाचून दाखवली, "अक्षरी रुपये एकावन्न हजार फक्त." आतल्या खोलीतून नवरीच्या नानीचा आवाज आला, "फकत काय कू लिखे? हमारी बच्ची का मेहर थोडा हय क्या?" मुलाकडचे गप्प झाले. काझीसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "अम्मा, हा फक्त कमीपणाचा नाही. रक्कम इथं संपली, मागून कोणी काही जोडू नये, म्हणून लिहितात. चेकवरही असतोच. पूर्वी उर्दू खताच्या शेवटीसुद्धा फकत लिहीत."

नानी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "अच्छा. तो उसके आगे नकद बी लिखो."

काझीसाहेब म्हणाले, "फक्तच्या पुढे काही लिहीत नाहीत."

"तो नीचे लिखो," नानी म्हणाल्या, आणि मुलाच्या वडिलांनी पैसे मोजून देईपर्यंत दारातून हलल्या नाहीत.