कामठ्याची दोरी

सातपुड्याच्या डोंगरांत भिल्लांची वस्ती फार जुनी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या मुलखातच मोडतो. तिरकामठा ही येथील भिल्लांची परंपरागत ओळख होय. कामठा बांबूचा, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे त्याची दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. एकाच वेळूतून धनुष्यही निघते आणि प्रत्यंचाही!

अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर एका मुलाला त्याच्या आजाने असाच एक कामठा करून दिला होता. पुढे आजाची दृष्टी मंदावली. त्यामुळे त्याच्या हातचा तो शेवटचाच कामठा ठरला. मुलाचा त्यावर फार जीव. रात्री झोपतानाही दोरी चढवलेला कामठा त्याच्या उशाशी असे.

होळीच्या सुमारास पाड्यावरील मुले नेम धरण्याचा सराव करू लागली आणि एक विपरीत प्रकार घडू लागला. बाण सुटताच दोरीचा फास टोकाच्या खाचेतून निसटे. मुलाने फास आवळून पाहिला, दुसरी दोरी लावून पाहिली, परंतु व्यर्थ! एकदा तर निसटलेली दोरी सपकन त्याच्या गालावर बसली. डोळा थोडक्यात वाचला. संतापून त्याने कामठा आजापुढे टाकला.

"आजा, याची दोरीच खोटी. मला दुसरा कामठा दे."

आजाने आधी नातवाचा गाल चाचपला. मग कामठा हाती घेतला.

"एका टोकाकडून पाहा पोरा. दोरी काठीच्या मधोमध दिसते का?"

"नाही. डावीकडे झुकली आहे."

आजाने खाचेवरून अंगठा फिरवला. डावी कड झिजून गुळगुळीत झाली होती. मग त्याने दोरी बोटाने दाबली. ती सैल लागली.

"ही दोरी तू कधी उतरवली होतीस?"

मुलगा खाली पाहू लागला.

आजाला सारे उमगले. बांबू रात्रंदिवस वाकलेला राहिला, तर तो त्या बाकालाच सरावतो आणि त्याची उसळी मंदावते. मग चढवलेली दोरी पुरेशी ताणली जात नाही. बाण सुटल्यावर काठी झटक्याने मागे येते, तेव्हा सैल दोरीचा फास क्षणभर उचलला जातो. आणि खाचेची कड झिजलेली असेल, तर तो बाहेरच पडतो. दोरी बदलून हा दोष कसा जावा?

आजाने दोरी उतरवली आणि चाकू नातवाच्या हाती दिला. जुन्या खाचेखाली, दोन्ही अंगांनी सारखी, अशी नवी खाच मुलाने कोरली. बांबूचे धागे उभे असतात. खाच अधिक खोल गेली तर काठी चिरते. म्हणून चाकूच्या प्रत्येक फेरीनंतर आजाचा अंगठा खाचेत फिरे. खाचेखाली दोऱ्याचे घट्ट वेढे दिले, दोरी थोडी आखूड केली. त्यानंतर सुटलेल्या बाणाबरोबर फास हलला नाही.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इजिप्तच्या आमासिस राजाची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. सकाळी राज्यकारभार पाहून उरलेला वेळ हा राजा विनोदात घालवी. मित्रांनी त्याबद्दल दोष दिला, तेव्हा त्याने त्यांना धनुष्याचा दाखला दिला. कामापुरते ते ताणावे. सदैव ताणलेले धनुष्य मोडते आणि ऐन वेळी उपयोगी पडत नाही. सातपुड्यातील आजाने हिरोडोटसचे नावही ऐकले नसेल. परंतु बांबूने त्याला तेच शिकविले होते.

त्या रात्री मुलाने दोरी उतरवली आणि कामठा भिंतीवर टांगला. आजाने उठून तो चाचपला. नवी खाच अंगठ्याला लागताच त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. त्याच्या हातचा तो शेवटचा कामठा होता खरा. पण खाच कोरणारा दुसरा हात आता घरात तयार झाला होता.