चौकाची भिंत : अनेक हातांची कला

विरार मागे पडले की गाडीच्या पूर्वेकडील खिडकीतून डोंगर सोबत करू लागतात. पालघर, उमरोळी, मग बोईसर. येथे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि समुद्रकाठी १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र. नोकरीच्या निमित्ताने दूरदूरची माणसे या भागात आली आणि निवृत्तीनंतर अनेकांनी येथेच घर केले. मुले परगावी गेली की दुपार फार लांबते. वाचकहो, अशा दुपारींसाठी याच जिल्ह्याने एक कला जपून ठेवली आहे.

वारली लग्नघरात भिंत सारवून तीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. मधोमध पालघाट देवी असते. तो लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. एकीने रेघ ओढावी, दुसरीने ती भरावी. विधीची गाणी मात्र जाणत्या धवलेरीने म्हणावीत. ज्येष्ठांच्या कोणत्याही छंदवर्गाने हे रहस्य ध्यानी घ्यावे : चित्र एकट्याचे नसते, आणि ज्याचा हात चालत नाही त्याचा कंठ, त्याची आठवणही कामाची असते.

बोईसरहून आणखी उत्तरेला, डहाणू तालुक्यात गंजाड आहे. १९३४ साली जन्मलेले जिव्या सोमा म्हसे तेथलेच. त्यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये ‘पद्मश्री’ लाभली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. २०१८ मध्ये ते निवर्तले. लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचाच हरपली आणि ते मातीत रेघा ओढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

पक्षाघाताने ज्यांचे शब्द हिरावले आहेत अशा आजोबांची शुश्रूषा आपण करीत असाल, तर ही हकीकत मनात ठेवा. चित्र हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेले वाचोपचार चालूच राहावेत. परंतु बोलता न येणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काहीच उरले नाही, असे कधी समजू नये.

वारली शैली थकलेल्या हातांना सोसते. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन एवढेच आकार; दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. गेरूच्या तांबड्या रंगावर पांढरी रेघ अधू दृष्टीलाही ठळक दिसते. कुंचल्याच्या दांडीला कापडाची पट्टी गुंडाळावी, म्हणजे पकड सोपी होते. कोपर टेकेल असे मेज, बाजूने येणारा उजेड आणि वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती, एवढे पुरे.

एक मर्यादा मात्र पाळावी. देवीचा चौक हा पूजेचा विषय आहे, सजावटीचा नव्हे. आपण तारपानृत्य, ताडाची झाडे, भातलावणी रंगवावी. आणि शक्य तर जवळच्या पाड्यावरील वारली कलावंताला योग्य मानधन देऊन शिकवायला बोलवावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, रेघ थरथरली तर ती सरळ करून देण्यासाठी त्यांच्या हातातून कुंचला घेऊ नका. शेजारी बसा, दुसरी रेघ तुम्ही ओढा. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी असते. त्या साखळीत त्यांनी काढलेला एक वाकडा माणूस सहज सामावतो.