ताट उभे राहिले पाहिजे



आपल्याकडे रब्बीची ज्वारी नुसती भाकरीसाठी पेरत नाहीत. दाणा माणसांचा आणि कडबा गुरांचा, ही वाटणी पूर्वापार आहे. म्हणून ज्वारी आडवी झाली की चुलीला आणि दावणीला एकदमच झळ लागते. आमच्या मुरुडच्या काळ्या शिवारात मी हे लहानपणापासून पाहत आले आहे. पोटरीत असताना पीक दृष्ट लागावी असे दिसते. पुढे दाणा चिकात येतो, जमीन भेगाळते, ताटे अवेळी वाळून खडखडू लागतात आणि एखाद्या रात्री बुडातून मोडून पडतात. लोक म्हणतात, वाऱ्याने पाडली. वारा निमित्ताला. खरा चोर ताटाच्या आत असतो.

पडलेले ताट बुडाशी विळ्याने उभे चिरून पाहा. आतला गर कुजून गेलेला, नुसते दोरे उरलेले, आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे बारीक ठिपके दिसतील. हाच खडखड्या रोग. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी तो करते. ते काळे ठिपके मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पाचशेच्या आसपास जातींच्या झाडांवर ही बुरशी जगते. सोयाबीन, हरभरा, मकाही त्यांत आले. त्यामुळे नुसती फवारणी करून ती हटत नाही आणि पीक बदलूनही पुरती जात नाही.

मग ती दाणा भरतानाच का झडप घालते? त्या वेळी कणसाला अन्न हवे असते. जमिनीत ओल नसली की पाने पुरेसे अन्न करू शकत नाहीत आणि कणीस ताटातला साठा ओढून घेते. ताट आणि मुळे उपाशी पडतात, मग बुरशीला दार उघडे सापडते. कणीस जितके मोठे आणि ओल जितकी कमी, तितका धोका अधिक. नुसते कणीस मोठे करून भागणार नाही, ताटही शेवटपर्यंत जिवंत राहिले पाहिजे, हे ज्वारीची पैदास करणाऱ्यांचे कोडे आहे.

आपली मालदांडी ३५-१ ही जुन्या मालदांडीतून सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेली. इतक्या वर्षांनंतरही ती शेतात आहे, कारण कोरडीत ती टिकते, आणि तिची भाकरी व कडबा दोन्ही पसंतीचे आहेत. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. परभणी मोती ही रब्बी ज्वारी तिथलीच. रोग पारखण्याची शास्त्रज्ञांची एक रीतही ऐकण्यासारखी आहे. दात कोरायच्या काड्यांवर बुरशी वाढवतात, फुलोऱ्यानंतर ती काडी ताटात खुपसतात आणि काढणीच्या वेळी ताट चिरून कूज किती पेरांपर्यंत चढली ते मोजतात. दाणा पिकला तरी ताट-पाने हिरवी ठेवणाऱ्या जातींचा गुण ते संकरातून आणू पाहतात. पण हा गुण एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून आहे. म्हणून रोग मुळीच न लागणारी जात मिळत नाही, कमी लागणारी मिळते.

सरळ वाणाचे बी घरचे धरत असाल तर थोडी पैदास आपणही करू शकतो. आमची आई बियाण्याची कणसे निवडायला काढणीच्या आधी रानात जायची. खळ्यावर सगळी कणसे सारखीच, कोणते ताट उभे होते हे खळे सांगत नाही, असे ती म्हणे. तुम्हीही तसेच करा. ओलीच्या बांधाकडेची झाडे सोडा. रानाच्या मधली, शेजारची पडली तरी उभी राहिलेली, हिरव्या ताटाची झाडे हेरून चिंध्या बांधा. कणीस काढल्यावर ताट चिरा. आत पांढरे असेल तरच त्याचे बी ठेवा. ज्वारीत परपराग थोडाच होतो, म्हणून निवडीचा गुण बराचसा पुढे उतरतो. पुढच्या वर्षी एकेका कणसाची वेगळी ओळ पेरा, म्हणजे कोणते खरे दणकट ते कळेल. संकरित वाणाचे बी मात्र घरचे धरू नका. त्याचा मेळ दुसऱ्या वर्षी मोडतो.

जोडीला पेर दाट करू नका, कोरडवाहूत नत्राचा मारा टाळा आणि ओल जपा. कसदार बीसुद्धा उपाशी जमिनीवर एकटे लढू शकत नाही.

यंदा सुगीला कणसे मोजाल तेव्हा दहा-वीस ताटेही चिरून पाहा. पुढच्या वर्षाचे बियाणे कुठून घ्यायचे, ते तिथेच कळेल.