‘समजलं ना?’ ‘हो सर!’

तळोद्यातल्या एका महाविद्यालयात मी प्रथम वर्ष बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात शंभरावर मुलं. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहायचा, दोन गणितं सोडवायची आणि वळून विचारायचं, ‘समजलं ना?’ शेवटच्या बाकापर्यंत ‘हो सर!’ या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं निवांत झोपलो.

मग हार्वर्डच्या एरिक मझूर यांच्याबद्दल वाचलं. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण साध्या संकल्पनेवर अडखळत. म्हणून १९९१पासून त्यांनी रीत बदलली: प्रश्नाचं उत्तर आधी एकट्याने ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा द्यायचं. मी वर्गाला विचारलं, उसाचा ट्रॅक्टर आणि मोटारसायकल धडकली, जास्त बल कुणावर? ‘मोटारसायकलवर!’ बल दोघांवर सारखंच असतं. चुकणारे सगळे कालचे ‘हो सर’वाले.

२०१४मध्ये २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. आकड्यांनी मी हुरळलो आणि घाई केली. हजेरीच्या क्रमाने आठ-आठांचे गट पाडले. एकट्याने विचार करायची पायरी वेळ वाचवायला गाळली. हात वर करायला सांगितले, तर पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जात. गटात एक लिही, सात उतरवत.

याहून मोठी चूक मागच्या बाकांवर घडत होती. धडगाव-मोलगीकडची, वसतिगृहात राहणारी मुलं पावरी-भिली बोलींत कुजबुजायची. मी दरडावायचो, ‘गप्पा बंद! बोलायचं तर मराठीत.’ एकदा रागावण्यासाठीच तिथे गेलो. एक मुलगी दोन मुठी एकमेकींवर आपटून मैत्रिणीला काही सांगत होती. शब्द कळले नाहीत, मुठी कळल्या: लागतं दोन्हींना सारखंच. ज्या चर्चेसाठी मी गट पाडले होते, ती इथे चालली होती, आणि वर्षभर मीच ती बंद पाडत होतो. मला पाहताच तिने मुठी सोडल्या. ‘सांग ना,’ म्हणालो. ‘काही नाही सर.’

आता गट दोघा-तिघांचे असतात. उत्तर बोटांनी, छातीशी हात धरून द्यायचं, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. भाषा ज्याची त्याची. अभ्यासक्रम मागे पडतो, शेवटची प्रकरणं धावत उरकावी लागतात. उत्तर आधीच सांगून टाकायची माझी खोडही पुरती गेलेली नाही. पण मागच्या बाकांवर गलका सुरू झाला, की मी खडू खाली ठेवतो आणि थांबतो.