आडवं पडण्यापुरती जागा

माझ्या आईने आयुष्यात एकदाच विमानाच्या फर्स्ट क्लासमधून प्रवास केला. तो ज्यांच्यामुळे घडला, त्या काकांबद्दल मला लिहायचं आहे. टिळक रोडला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं तिकिटांचं ऑफिस होतं. नात्यातले म्हणाल तर ते आमचे कोणीच नव्हेत. वडिलांच्या बँकेतल्या मित्राचे शेजारी, एवढीच ओळख.

2010 सालची गोष्ट. धाकट्या बहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीत होणार होतं. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू घेऊन लेकीकडे निघालेल्या आया पुण्याला नव्या नाहीत. आमच्या आईचीही तयारी मनातल्या मनात कधीच झाली होती. अडचण पाठीची होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला तासभरही सलग बसवत नसे, आणि मुंबईहून अमेरिका म्हणजे वाटेतला थांबा धरून वीसेक तास. डॉक्टर म्हणाले, आडवं पडून जाता येत असेल तर खुशाल जाऊ द्या. पूर्ण आडवी होणारी खुर्ची वरच्या वर्गात. तिथलं भाडं ऐकलं आणि आईनेच विषय मिटवून टाकला.

काकांनी तो पुन्हा काढला. "अगं, फर्स्ट क्लासलाही एकच भाडं नसतं," ते मला म्हणाले, आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. गॅलिलिओ या तिकीट-आरक्षणाच्या प्रणालीवर एका ओळीत अक्षरं आणि आकडे दाटीने बसलेले: एफ4 ए0 सी9 डी6. पंचांग वाचावं तसं ते वाचत गेले. एफ म्हणजे पूर्ण भाड्याचा फर्स्ट क्लास, आणि ए म्हणजे तीच खुर्ची, तेच जेवण, पण सवलतीच्या भाड्यात. आकडा त्या भाड्यात विकायला ठेवलेल्या जागांचा. नऊ असेल तर नऊ किंवा त्याहून जास्त. म्हणजे विमानात फर्स्ट क्लासच्या जागा रिकाम्या होत्या, पण त्यातली एकही कंपनी त्या दिवशी स्वस्तात सोडायला तयार नव्हती. ए0 चं ए1 झालं, की आपलं काम झालं.

ते कधी होतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पडदा बघून ओळखलं होतं. जागा धरून ठेवलेल्या असतात आणि मुदतीत तिकीट काढलं गेलं नाही, की त्या सुटतात. म्हणून ते सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या, चहाच्याही आधी पडदा बघत. आठवड्याच्या मधले वार आधी. शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ टाळायचे. कंपन्यांची माणसं सहसा ज्या दिवशी निघतात, तो दिवस सोडायचा. पुण्यात हे गणित त्यांना चांगलं ठाऊक होतं. लुफ्तान्साने 2008 साली पुण्याहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केलं. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांकडे येणारी-जाणारी माणसं त्यात बसत.

आणखी एक वाट त्यांनी दाखवली आणि लगेच बंदही केली. भाडं प्रवास कुठून सुरू होतो त्यावर ठरतं, त्यामुळे त्याच कंपनीचं तिकीट कोलंबोहून निघालं तर मुंबईपेक्षा बरंच स्वस्त पडू शकतं. पण मग आधी वेगळ्या तिकिटाने कोलंबोला जायचं. ते विमान चुकलं तर पुढची कंपनी जबाबदार नाही. आणि पहिला टप्पा सोडून मधूनच चढू म्हटलं, तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. "तरण्या माणसाला हे सांगेन," ते म्हणाले. "तुझ्या आईला नाही."

2008 साल त्यांच्या धंद्याला दोन्ही बाजूंनी जड गेलं होतं. त्या जूनपासून छापील तिकिटं जगभर बंद झाली. लाल कार्बनची ती चोपडी तिकिटं लिहिता लिहिता बोटं रंगायची, हे ते फार प्रेमाने सांगत. त्याच सुमाराला विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशनही काढून घेतलं. उरली ती गिऱ्हाइकाकडून घ्यायची ठरावीक फी, साध्या तिकिटाला आणि महिनाभर राखण करून मिळवलेल्या तिकिटाला सारखीच. माझ्या हिशेबाने आईच्या तिकिटात त्यांचं नुकसानच झालं. जास्त पैसे घ्या म्हटलं, तर पावतीवर नेहमीचाच आकडा लिहिला.

एका बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. भाडं बिझनेस क्लासच्या पूर्ण भाड्याहूनही कमी होतं. तारीख बदलायची तर दंड, रद्द केलं तर जवळजवळ काहीच परत नाही. भाड्याच्या अटींतली ओळ न् ओळ त्यांनी मला वाचायला लावली, मगच पैसे घेतले. मग विचारलं, "आई विमानाच्या पायऱ्या चढू शकतात का?" तोवर मला व्हीलचेअर म्हणजे व्हीलचेअर एवढंच ठाऊक होतं. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही त्यांच्यासाठी एक संकेत, पायऱ्याही जमत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा, आणि जागेपर्यंत न्यावंच लागतं त्यांच्यासाठी तिसरा. आईसाठी त्यांनी दुसरा नोंदवला.

आज फर्स्ट क्लासच कमी होत चाललाय. एअर इंडियाची 2024 च्या जानेवारीपासून उडू लागलेली ए-350 विमानं त्याच्याशिवायच आली. पण सवलतीच्या अक्षरांचा खेळ बिझनेस क्लासमध्ये तसाच चालतो, आणि आमच्या सोसायटीतल्या कोणाच्या आई-वडिलांना परदेशी जायचं असलं की ते कागद घेऊन माझ्याकडे येतात. मला येतं ते सगळं त्या पडद्यासमोर बसून आलेलं आहे.

आई परतल्यावर आम्ही दोघी पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी डबा बाजूला ठेवला, वही उघडली आणि तिला प्रश्न विचारायला लागले. खुर्ची खरंच सपाट होते की डोक्याकडे उतार राहतो? कुशीवर वळता येतं? बटण झोपल्या झोपल्या सापडतं का? वाटेतल्या विमानतळावर व्हीलचेअर दारातच उभी होती की थांबावं लागलं? इतकी तिकिटं काढूनही ते स्वतः त्या वर्गात कधी बसले नव्हते, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचं तिकीट होतं. आई एकेक आठवून सांगत होती, ते लिहून घेत होते. "आणि बाथरूम खुर्चीपासून किती पावलांवर?" त्यांनी विचारलं. आईने डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाली, "माझी सात. त्यांची पाच होतील."